दगड छापायचा, आभाळ ओलं ठेवायचं

मांजरसुंब्याहून घाट उतरून बीडकडे येताना डोंगराची कूस नीट पाहिली, तर ती आडव्या पट्ट्यांची आहे हे लगेच कळतं. एक पट्टा काळा, उभा, कातळाचा. त्याखाली मुरमाड उतार, त्यावर वाळलेलं गवत. परत कातळ, परत उतार. देवगिरीच्या आसपास हेच दिसतं आणि अजिंठ्याला वाघूर नदीच्या वळणावरही हेच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर येत गेला. घट्ट थर कड्यासारखा उभा राहिला, भुसभुशीत थर झिजून उतरता झाला. भूगर्भशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. मराठवाड्याचं अमूर्त निसर्गचित्र करायला बसणाऱ्याला एवढं पुरेसं आहे. झाड, देऊळ, बैलगाडी यांतलं काहीच लागत नाही. पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवर आभाळ आहे.

हे नुसत्या जलरंगात करायला गेलं की कातळ मऊ पडतो. पाण्याला कड धरायची नसते, वाळताना धरलीच तर ती त्याच्या मर्जीनं. उलट नुसत्या छापात केलं की आभाळ अडकून बसतं. रोलरनं फिरवलेला निळा कितीही एकसारखा असला तरी त्यात वारा खेळत नाही. म्हणून मुद्राचित्र, म्हणजे प्लेटला शाई लावून कागदावर घेतलेला छाप, आणि जलरंग यांची जोड घालायची. या जोडकामात सगळ्यात आधी एक वाटणी करावी लागते: चित्रातलं काय जागचं हलणार नाही आणि काय हलतं राहील. न हलणारं प्लेटवर जातं, हलणारं पाण्यावर सोडायचं. बहुतेक फसलेली कामं या वाटणीत फसलेली असतात, हातातल्या कसबात नव्हे.

ही वाटणी ऋतूगणिक बदलते. जानेवारीत करडई आणि हरभरा शेतात असताना हवा स्वच्छ असते, क्षितिज सुरीनं कापल्यासारखं दिसतं. तेव्हा ती रेघ प्लेटवर हवी. मे महिन्यात तेच क्षितिज धुळीत आणि उन्हाच्या झळांत विरघळलेलं असतं, जमीन कुठं संपते ते सांगता येत नाही. तेव्हा ती रेघ छापायचीच नाही, तिथं वरून ओला रंग खाली येऊ द्यायचा. पायाखालच्या रानाच्या भेगा मात्र मे महिन्यातच सर्वांत कडक असतात. म्हणजे एकाच जागेच्या दोन ऋतूंतल्या प्लेट अगदी वेगळ्या निघतात, आणि त्या वेगळ्या निघाल्या तरच काम खरं होतंय असं समजावं.

आधी पेन्सिलीनं 5 × 7 सेंटिमीटरच्या दहा-बारा चौकटी कराव्यात. प्रत्येकीत तीनच गोष्टी ठरवायच्या: क्षितिज किती उंचीवर, पट्टे किती, आणि सर्वांत मोठी पांढरी जागा कुठं. क्षितिज मधोमध आलं की चित्र दुभंगतं. आपल्याकडच्या पठाराला ते अगदी वर, वरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात शोभतं, कारण इथं बघणाऱ्याच्या समोर जमीनच पुष्कळ असते. पट्टे विषम जाडीचे असावेत. आणि छाप आरशासारखा उलटा येतो, हे विसरू नये. डावीकडून उजवीकडे चढणारा उतार छापात उजवीकडे घसरतो आणि चित्राचा सगळा जीव बदलतो. पसंतीची चौकट ट्रेसिंग पेपरवर घेऊन उलटी करावी आणि मगच प्लेटला हात घालावा.

या कामाला कोलाग्राफसारखी प्लेट दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर आम्लानं कोरलेली (एचिंगची) रेघ फार सुंदर असते, पण तिला घरात आम्ल लागतं. लिनोची, म्हणजे कोरलेल्या लिनोलियमच्या तुकड्याची, कड फार स्वच्छ येते, तिच्यात खडबडीतपणा मुद्दाम आणावा लागतो. कोलाग्राफ म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवून, सोलून, कापून केलेली प्लेट. ती खडबडीत होणारच असते आणि आपली जमीनही तशीच आहे.

2 मिलिमीटर जाडीचा माउंटबोर्ड 20 × 28 सेंटिमीटर कापून घ्यावा. चारही कडा कटरनं तिरक्या, साधारण 45 अंशांत उतरवाव्यात. सरळ उभ्या कडेनं ओला कागद फाटतो, प्रेसमध्ये त्यावर ठेवायच्या नमद्यालाही कायमची घडी पडते. पट्ट्यांच्या सीमा कटरनं हलक्या हातानं कापायच्या आणि जिथं गडद हवं तिथं पुठ्ठ्याची वरची साल सोलून काढायची. सोललेला भाग खरखरीत असतो, शाई धरून ठेवतो, म्हणून छापात काळपट येतो. न सोललेला भाग गुळगुळीत, म्हणून फिकट. जिथं शाई अजिबात नको तिथं फेविकॉलचा पातळ हात द्यावा, तो वाळून चकचकीत झाला की शाई त्यावरून सहज पुसली जाते. अगदी मखमली काळं हवं असेल तर फेविकॉल ओला असताना त्यावर 220 नंबरची कार्बोरंडम (घासकामाची कठीण) पूड चाळणीनं भुरभुरावी, वाळल्यावर सुटी पूड झटकावी, आणि हे सगळं नाकातोंडाला मास्क बांधून करावं. कार्बोरंडमऐवजी नदीची वाळू वापरावीशी वाटते, पण तिचे टोकदार कण कागदाला भोकं पाडतात.

पोतासाठी बाहेर जायची गरज नाही. गोणपाटाचे धागे विरळ करून चिकटवले की दूरवरच्या नांगरटीच्या ओळी होतात. ज्वारीचं वाळलेलं पान उत्तम छापतं, फक्त मधली जाड शीर काढून टाकावी. इथं एक नियम पाळावाच लागतो: पुठ्ठ्याच्या पातळीपासून कोणतीही गोष्ट 1 मिलिमीटरहून फार वर येता कामा नये. जास्त उंच वस्तूच्या भोवती शाईचं डबकं साठतं, ते पुसता येत नाही, आणि दाब पडल्यावर ती शाई बाहेर येऊन काळं कुंकू फासल्यासारखा डाग पडतो. पऱ्हाटीची काडी कितीही मोहक दिसली तरी ती प्लेटवर लावू नये, तिचं साल काढून तेवढंच लावावं.

आणि भेगा. काळ्या रानाच्या भेगा कटरनं कोरल्या की त्या लगेच कृत्रिम दिसतात, सगळ्या सारख्याच जाडीच्या आणि सगळ्या विचार करून काढलेल्या. त्यापेक्षा मातीलाच ते काम करू द्यावं. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, रानात भेगा पडतात त्या याच कारणानं. कोरडी माती कुटून सुती कापडातून गाळावी, पाच भाग मातीला एक भाग फेविकॉल आणि लागेल तेवढं पाणी घालून थालीपिठाच्या पिठाहून थोडं सैल कालवावं, आणि प्लेटच्या हव्या त्या भागावर पसरवून उन्हात ठेवावं. थर वाळता वाळता चिरत जातो. थर पातळ असेल तर भेगा जवळजवळ पडतात, जाड असेल तर लांब लांब. त्यामुळे डावीकडे अर्धा मिलिमीटर आणि उजवीकडे 1 मिलिमीटर असा उतरता थर दिला, की जवळचं-दूरचं आपोआप तयार होतं. फेविकॉल जास्त झालं तर भेगा पडतच नाहीत. कमी झालं तर खपल्या सुटतात. पहिल्या वेळी टाकाऊ पुठ्ठ्याच्या दोन-तीन तुकड्यांवर करून पाहावं, कारण प्रत्येक शिवारातल्या मातीचा स्वभाव वेगळा असतो.

तयार प्लेटला लाखेचं आवरण लागतं. सुताराकडचा चपडा लाख 100 ग्रॅम, पॉलिशचं स्पिरिट 500 मिलिलिटर. झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवलं की विरघळतं. पुढून, मागून आणि कडांना असे दोन हात द्यावेत, मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत. मागची बाजू राहिली की ओल्या कागदाचं पाणी पुठ्ठा शोषतो, फुगतो आणि चौथ्या-पाचव्या छापाला प्लेट वाकते. पावसाळी दमट दिवशी लाख पांढरी पडते, म्हणून हे काम कोरड्या हवेत उरकावं. आपल्याकडे अशा दिवसांची कमी नाही. मातीच्या भागाला मात्र तीन हात हवेत, माती पहिला हात पिऊनच टाकते.

आता शाई. इथं जलरंगाचा विचार आधी करावा लागतो. छापावर नंतर पाणी पडणार आहे, म्हणून शाई तेलाचीच हवी. पाण्यात मिसळणारी ब्लॉक-प्रिंटची शाई वाळली तरी ओल्या ब्रशनं परत उठते आणि सगळं आभाळ राखाडी करून टाकते. साबणानं धुता येणाऱ्या तेलाच्या शाया मिळतात, त्या वाळल्यावर पक्क्या होतात आणि चालतात. एचिंगची शाई सर्वांत चांगली, ती नसेल तर प्रेसवाल्याकडची ऑफसेटची शाई पुष्कळ जण वापरतात. चमचाभर शाईत जवसाच्या डबल बॉइल्ड तेलाचे चार-सहा थेंब घालून काचेवर घोटावं. सुरीवरून ती काकवीसारखी सावकाश उतरली पाहिजे. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल घालू नये. ते फार उशिरा वाळतं आणि शाईच्या भोवती कागदावर पिवळसर तेलकट वलय सोडतं. ते वलय पहिल्या दिवशी दिसत नाही, महिन्याभरानं दिसतं.

काळी शाई सरळ डब्यातून घेऊ नये. काळ्यात निम्मा बर्न्ट अंबर आणि कणभर निळा घातला की बेसॉल्टचा खरा रंग जवळ येतो. मग त्यात तेवढंच पारदर्शक एक्स्टेंडर घालून ती फिकट करावी. वरून जलरंग यायचा आहे, त्याला बोलायला जागा हवी. छाप स्वतःच पूर्ण गडद आणि देखणा असेल तर त्याला जलरंगाची गरज नाही. त्याला तसाच राहू द्यावा. जोडकामासाठीचा छाप थोडा भुकेला असावा.

शाई जुन्या टूथब्रशनं खाचाखोचांत भरावी आणि खळ घातलेल्या जाळीदार मलमलच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत पुसावी. जोर लावू नये, नाहीतर बोळा खाचेतली शाईही उचलतो. शेवटी वर्तमानपत्राचा तुकडा तळहाताखाली सपाट धरून वरवर फिरवला की उंच भाग उजळतात. आकाशाचा भाग कापडानं अगदी कोरा पुसावा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात ठेवू नये. वाळताना त्या स्वतःच तापतात आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात खरोखर पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा एकेक पसरून वाळवाव्यात. प्लेट आणि काच आधी गोडेतेलानं पुसून मग साबणाच्या पाण्यानं धुतली की रॉकेलची गरज राहत नाही.

कागदावर मी थोडं जास्त थांबणार, कारण दोन्ही माध्यमांचं भांडण शेवटी कागदावर मिटतं. 300 जीएसएमचा पूर्ण सुती कागद, चौथाई शीट म्हणजे 28 × 38 सेंटिमीटर, आपल्या प्लेटला बरोबर 4–5 सेंटिमीटरची कोरी कड देते. छापासाठी कागद मऊ आणि ओलसर हवा, जलरंगासाठी त्यात सायझिंग म्हणजे खळ शाबूत हवी. फार वेळ किंवा कोमट पाण्यात भिजवला तर खळ सुटते आणि नंतरचा रंग टीपकागदावर पडल्यासारखा आत जातो, निस्तेज होतो. म्हणून थंड पाण्यात 20 ते 30 मिनिटं, पुरे. मग दोन टॉवेलांत दाबून पृष्ठभागावरची चकाकी जाईपर्यंत पाणी टिपावं. गालाला लावला तर थंड लागला पाहिजे, पण गाल ओला होता कामा नये. कोरड्या हवेत हा कागद पाच मिनिटांत कडेनं सुकायला लागतो आणि मग छापाच्या कडा अर्धवट येतात. त्यावर उपाय म्हणजे आदल्या रात्री एकाआड एक कागद भिजवून, कोरड्या-ओल्याची थप्पी करून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि वर वजन ठेवायचं. सकाळी सगळे कागद सारखे ओलसर निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये ही थप्पी दोन दिवसांवर ठेवू नये, बुरशीचे ठिपके येतात.

दौलताबादहून खुलताबादला जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्याचं नाव इथं घेतलंच पाहिजे. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हाच्या कारागिरांपासून तिथली हातकागदाची परंपरा सुरू झाली असं सांगितलं जातं. हातकागद छापाला फार प्रेमानं दाद देतो, शाई खोलवर घेतो. जलरंगाला मात्र तो घेण्याआधी पारखावा लागतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. मिनिटभर तो मण्यासारखा उभा राहिला तर खळ आहे. लगेच आत गेला तर नाही. तशा कागदाला 1 लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशनं एक हात दोन्ही बाजूंनी द्यावा आणि दोरीवर वाळवावा.

प्रेस म्हणजे तत्त्वानं रसवंतीचा चरकच आहे. दोन रोलर, मधून सरकणारा पाट, आणि ऊस जसा पिळला जातो तसा कागद प्लेटच्या खाचांत दाबला जातो. वर नमदा लागतो. घोंगडी चालत नाही, तिची वीण कागदावर उमटते. दाब बरोबर आहे का ते बिनशाईचा एक छाप काढून पाहावं. कागद उलटा केला की मागच्या बाजूला सगळे उठाव बोटाला लागले पाहिजेत. प्रेस नसेल तर खाचेत शाई भरण्याचा नाद सोडावा, हातानं तेवढा दाब येत नाही. तेव्हा प्लेटच्या उंच भागावर रोलरनं शाई फिरवून, पातळ कागद ठेवून, लाकडी डावाच्या पाठीनं चोळून छाप घ्यावा. तो वेगळा, पण खराच छाप असतो.

आणि तो बिनशाईचा चाचणी-छाप टाकून देऊ नका. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोठा ऐवज तोच आहे. त्याच्यावर शाईचा थेंब नाही, फक्त कागदाचा उठाव-दबाव आहे, सगळी जमीन पांढऱ्यावर पांढरी. तो पूर्ण वाळू द्यावा, मग फळी थोडी तिरकी ठेवून त्यावर दाणेदार रंगाचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, सोडावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की ते पाण्यात पुन्हा वेगळे होत जातात. जड कण खोलगट जागी बसतात, पाणी पुढं जातं. जिथं दाबानं कागदाचे तंतू दुखावलेत तिथं रंग आपसूक गडद होतो. पावसाचं पाणी नांगरटीत कसं उतरतं, बांधाशी कसं अडतं, गाळ कुठं टाकतं, ते डोळ्यांदेखत कागदावर घडतं. ब्रशनं काही काढावं लागत नाही. फक्त वॉश ओला असताना त्यात परत ब्रश घालायचा मोह आवरावा. एकदा घातला की कण ढवळले जातात आणि सगळं गढूळ होतं.

शाईचे छाप टीपकागद आणि फळ्यांमध्ये सपाट वाळवावेत, पहिल्या दिवशी टीपकागद दोनदा बदलावा. शाई वाळायला चार ते सात दिवस, गडद भागाला त्याहून जास्त. हिवाळ्यात आणखी वेळ लागतो. बोटाला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नाही. कडेच्या एका गडद ठिपक्यावर ओला ब्रश फिरवून पांढऱ्या कापडाला पुसावा, कापड स्वच्छ राहिलं तरच पुढं जावं. उन्हात ठेवून घाई करू नये. कागद वाकतो आणि शाईवर वरवर साय धरते, आतून ओलीच राहते.

मग जलरंग. तेलाची शाई पाण्याला ढकलते, त्यामुळे वॉश छापाच्या गडद रेघांवरून सरकून दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या कागदात जाऊन बसतो. गडद भागात मणी-मणी होऊन पाणी उभं राहिलं तर शाईत तेल जास्त झालं असं समजावं. वॉशच्या पाण्यात ऑक्स गॉलचे (बैलाच्या पित्तापासून केलेल्या द्रावणाचे) एक-दोन थेंब घातले की ते पसरतं. आकाशापासून सुरुवात करावी. कागद मागून ओला करून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवल्यासारखा ठेवला, की 42 अंशांच्या दुपारीही वॉश अर्ध्या वाटेत वाळत नाही. नाहीतर 20 सेंटिमीटरची रुंदी पार करायच्या आत वरची कड वाळून रेघ मारते. तरी उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत हे उरकणं बरं. वॉश अर्धवट वाळलेला असताना त्यात जास्त ओला थेंब पडला तर फुलकोबीसारखी कातर कड उमटते. आकाशात ती खुपते, जमिनीत कधी कधी फार छान लागते. उन्हाळ्यात पैठणला नाथसागर आटत जातो तसतशा काठावर एकाखाली एक ओलीच्या रेघा राहतात, पाणी कुठवर होतं त्याची नोंद. वॉशची वाळकी कड तशीच, पाणी मागं सरताना सोडून गेलेली असते. जलाशय दाखवायचा असेल तर निळा लावूच नये. फिकट तपकिरी पाण्याचं एक थारोळं सोडावं, अर्धं वाळू द्यावं, मधलं पाणी टिपून घ्यावं, आणि हे तीनदा करावं.

रंग चार-पाच पुरतात. नळीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावावी. अल्ट्रामरीन पीबी 29, सिएना आणि अंबर पीबीआर 7. हिरवा मात्र जपून. बाजारातला तयार गवती हिरवा आपल्या डोंगरावर एक दिवसही टिकत नाही. पीजी 23 क्रमांकाचा टेर व्हर्ट म्हणजे हिरवी माती. फार दुबळा, राखाडी हिरवा रंग, त्यामुळे विद्यार्थी त्याला नावं ठेवतात. पण अशीच बेसॉल्टच्या झिजेतून मिळणारी हिरवी माती अजिंठ्याच्या चित्रकारांनी भिंतींवर वापरली आहे, गेरू आणि पिवळ्या मातीच्या शेजारी. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी डोंगरावर जी जेमतेम हिरवट झाक येते, तिला हाच रंग लागतो, दोन हात, वाळवून वाळवून.

स्थानिक मातीचा जलरंग करून पाहायचा असेल तर काळ्या मातीपासून सुरुवात करू नका. प्लेटवर जिचं आकसणं आपल्याला हवं होतं, तेच रंगाच्या वडीत नको असतं. वडी चिरते, आणि रंगही काळा न येता फिकट करडा येतो. तांबूस मुरूम किंवा दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा थर जास्त चांगला. कुटून पाण्यात ढवळावं, अर्धा मिनिट थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावं, तळाची रेती टाकून द्यावी. असं तीन-चारदा केल्यावर जो गाळ बसतो तो वाळवून, एक भाग डिंक दोन भाग गरम पाण्यात विरघळवून केलेल्या द्रावणात काचेवर घोटायचा. त्यात मधाचे दोन-तीन थेंब, वडी कोरडी ठणठणीत होऊ नये म्हणून, आणि लवंगतेलाचा एक, बुरशी येऊ नये म्हणून.

क्रम उलटाही करता येतो. आधी जलरंग, तो पूर्ण वाळला की वर कोरड्या कागदावर लिनो किंवा लाकडाचा ठसा. इथं कागद भिजवायचा नाही, भिजवला की खालचा रंग उठतो. म्हणून खाचेतल्या शाईचा छाप या क्रमात बसत नाही, उठावाचाच बसतो. कडे, पायऱ्या, बांध हे सगळ्यात शेवटी आणि नेमके हवे असतील तेव्हा हा मार्ग घ्यावा. ठसा कुठं पडणार याची खूण आधी रद्दी कागदावर करून ठेवावी, कारण इथं दुसरी संधी नसते.

तिसरा मार्ग जलरंगाच्या मोनोटाइपचा, म्हणजे एकदाच निघणाऱ्या छापाचा, ज्यात जलरंगच छापला जातो. ॲक्रिलिकची शीट 400 नंबरच्या पॉलिशपेपरनं गोल गोल घासून धुरकट करावी, त्यावर डिंकाच्या पाण्याचा अगदी पातळ हात देऊन वाळवावा, मग नेहमीचे जलरंग वापरून चित्र काढावं आणि तेही पूर्ण वाळू द्यावं. ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढला की कागदातलं पाणी वाळलेला रंग परत विरघळवून उचलून घेतं. डिंक विसरला तर अर्धा रंग शीटवरच राहतो. कागद जास्त ओला असला तर कडा फुटतात. ब्रशचा फटकारा दिसतो, पण तो कागदाला कधी शिवलेला नसतो. त्यामुळे त्यात एक विचित्र शांतता येते, जी थेट जलरंगात येत नाही. फ्रेंच चित्रकार देगास 1890 च्या बर्गंडीच्या प्रवासानंतर निसर्गाचे मोनोटाइप करायला लागला ते तेलरंगात, वरून पेस्टल लावून, आणि 1892 मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन झालं. त्यात कितीतरी ठिकाणी डोंगर आणि डाग यांतला फरक नाहीसा झालेला आहे. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, हर्क्युलीस सेगर्स नेदरलँड्समध्ये खडकाळ दऱ्यांच्या एचिंगचे छाप रंगवलेल्या कागदावर आणि कापडावर घेत होता, वर ब्रश फिरवत होता, एकाच प्लेटचे दोन छाप सारखे येऊ देत नव्हता. आपण करतो आहोत ते काम जुनं आहे, ही मला फार धीराची गोष्ट वाटते.

जिलेटिनच्या प्लेटबद्दल थोडक्यात. ती सध्या लोकप्रिय आहे, प्रेस लागत नाही, पानाचा छाप अतिशय सुरेख येतो. पण साधं जिलेटिन तिशीच्या पुढच्या तापमानाला मऊ पडून वितळायला लागतं, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारीनंतर तिचा भरवसा नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लिसरीन घेतलं तर ती टिकाऊ होते, बुरशीही धरत नाही. तरी उन्हाळ्यात ती सावलीत, गार फरशीवरच ठेवावी.

शेवटी सही. छापावर हातानं रंग दिला की एकाच प्लेटचे पाच छाप पाच वेगळी चित्रं होतात. त्यांना 1/5, 2/5 असे आकडे टाकायचे असतील तर ही बदलती आवृत्ती आहे हे सांगणारी ‘ई.व्ही.’ ही अक्षरं आकड्याबरोबर लिहावीत. मोनोटाइपला 1/1. पेन्सिलीनं, प्लेटच्या खुणेखाली, आकडा डावीकडे, सही उजवीकडे. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नये, मधे माउंटची जाडी असावी, नाहीतर आपण इतक्या खटपटीनं आणलेला उठाव चेपला जातो.

शेवटचा छाप काढल्यावर प्लेटवर थोडी शाई उरतेच. लगेच गोडेतेलाची बाटली उचलू नये. आणखी एक ओलसर कागद घ्यावा, दाब किंचित वाढवावा आणि तसाच एक छाप काढावा. तो फिकट येतो, अर्धे पट्टे गायब, भेगा मात्र बहुतेक सगळ्या, जूनच्या आदल्या आठवड्यातल्या रानासारख्या. त्याला रंग लावायची घाई नको, वाळेपर्यंत भिंतीवर राहू द्यावा.